अवजार की हत्यार?



उर्दूत तुम्ही ज्याला 'औजार' म्हणता, त्यालाच मराठीत 'अवजार' म्हणतात. शब्द एकच आहे. तो अरबी-फारसीतून दोन्ही भाषांत आला. पण मराठीत या अर्थाचा आणखी एक शब्द आहे, 'हत्यार'. सुतार आपल्या करवत, रंधा आणि पटाशीला 'हत्यारे' म्हणतो. उर्दूत मात्र 'हथियार' म्हटले की तलवार आणि बंदूकच डोळ्यांसमोर येते. हत्यार कामाचेही असते आणि भांडणाचेही असते. ते कशाचे ठरेल, हे ज्याच्या हातात ते असेल त्याच्यावर अवलंबून असते.

हा फरक नीट समजावा अशी एक वस्तू हल्ली बाजारात सहज मिळते. ती म्हणजे खिशात मावणारे बहुउपयोगी अवजार. त्याची मूठ एक असते. पण तिच्यात पाते, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, कानस, चिमटा, कधी पक्कडसुद्धा मिटून ठेवलेली असते. तुमच्यापैकी अनेकांना ते हवेसे वाटते. ते घ्यावे का, कोणते घ्यावे आणि कसे वापरावे, याविषयी मी माझे मत सांगणार आहे.

एका वस्तूने दोन कामे करणे आपल्याला नवीन नाही. घरातील विळी पाहा. तिच्या पात्यावर भाजी चिरतात आणि टोकाच्या खवणीने नारळ खवतात. ज्या घरात रोज भाजी आणि रोज नारळ लागतो, त्या घरासाठी ही जोडी जमली. चांगले बहुउपयोगी अवजार असेच जन्माला येते. आधी गरज असते, मग अवजार येते.

स्वित्झर्लंडची गोष्ट ऐका. तेथील सैनिकांना नवी बंदूक मिळाली होती. ती साफ करण्यासाठी उघडायची, तर स्क्रू ड्रायव्हर हवा. जेवण पत्र्याच्या बंद डब्यातून येई. तो उघडायलाही काहीतरी हवे. म्हणून पाते, टोच्या, डबा उघडण्याचे साधन आणि स्क्रू ड्रायव्हर अशा चार वस्तू एका लाकडी मुठीत बसवल्या गेल्या. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने १८९१ साली असे चाकू स्विस सैन्याला पुरवले. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात लहान पाते आणि बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री आकडा अधिक होता. पुढे त्याच्या कारखान्याचे नाव 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले. त्यातील 'व्हिक्टोरिया' हे त्याच्या आईचे नाव आणि 'इनॉक्स' म्हणजे न गंजणारे पोलाद.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या टिम लेदरमनची. १९७५ साली तो आणि त्याची पत्नी जुन्या फियाट मोटारीतून युरोपात फिरत होते. मोटार वारंवार बिघडे. स्वस्त हॉटेलांतील नळ गळत. त्याच्या खिशात चाकू होता. पण नट धरायला पक्कड नव्हती. घरी परतल्यावर त्याने पक्कड असलेले खिशातले अवजार बनवायला घेतले. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर १९८३ साली ते विक्रीला आले.

या दोन्ही गोष्टींत कोणीही 'माझ्या चाकूत जास्तीत जास्त पाती असावीत' असे म्हटले नाही. 'माझे हे काम अडले आहे' असे म्हटले. आपण दुकानात गेलो की नेमके उलटे करतो. पहिला प्रश्न विचारतो, "यात किती वस्तू आहेत?" पंधरा म्हटले की डोळे चमकतात. वीस म्हटले की हात खिशाकडे जातो. वेंगर नावाच्या स्विस कंपनीने एकदा ८७ अवजारांचा एक चाकू तयार केला होता. त्याचे नाव जागतिक विक्रमांत नोंदले गेले. पण तो खिशात मावत नाही आणि त्याचे वजन एक किलोपेक्षा जास्त आहे! 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच.

म्हणून माझा सल्ला असा. अवजार घेण्यापूर्वी एक आठवडा वहीत नोंद करा. कोणत्या कामासाठी अवजार शोधावे लागले? सायकलची घंटी सैल झाली, चष्म्याचा स्क्रू निघाला, पार्सलची सुतळी कापायची होती, बोटात काटा रुतला, दप्तराच्या चेनचा दोरा लोंबत होता. आठवड्याच्या शेवटी यादी वाचा. चार-पाच कामेच पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. तेवढीच कामे करणारे अवजार तुमचे. बूच काढण्याचा आकडा स्विस अधिकाऱ्याच्या कामाचा होता. आपल्या घरात त्याला काय काम? त्याचे पैसे कशाला द्यायचे?

वजनाचाही विचार करा. व्हिक्टोरिनॉक्सचा सर्वांत छोटा प्रसिद्ध चाकू मिटल्यावर ५८ मिलिमीटर लांब असतो आणि त्याचे वजन २० ग्रॅमच्या आसपास असते. तो किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो. पक्कड असलेली मोठी अवजारे दोनशे ग्रॅमपेक्षाही जड असतात. जड वस्तू चार दिवस खिशात राहते आणि पाचव्या दिवशी कपाटात जाते. कपाटातले अवजार वेळेवर उपयोगी पडत नाही.

घेताना ते हातात धरून पाहा. प्रत्येक भाग उघडा आणि मिटा. बिजागरीत खडखड नको. कात्री सोडली की आपोआप उघडली पाहिजे आणि तिने पातळ कागद टोकापर्यंत कापला पाहिजे. पक्कड मिटली की तिचे दोन्ही जबडे एकमेकांवर बरोबर बसले पाहिजेत. वीस वस्तूंचे स्वस्त अवजार पहिल्याच घट्ट स्क्रूला वाकते. त्याच पैशांत घरासाठी एक चांगला स्क्रू ड्रायव्हर येतो. तसे असेल तर स्क्रू ड्रायव्हरच घ्या.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विद्यार्थ्याचे पहिले अवजार बिनपात्याचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी म्हणेल, "पाते नाही तर ते अवजार कसले?" तुमची यादी पुन्हा वाचा. सुतळी, दोरा, पाकीट ही सगळी कामे छोटी कात्री करते. पात्याने होणारे बहुतेक काम कात्रीने होते. कात्रीने होणारे प्रत्येक काम पात्याने होत नाही. शिवाय खिशातले पाते एकटे नसते. त्याच खिशाच्या धन्याला राग येतो, त्याची कोणाशी बाचाबाची होते, मित्र चिथावतात. सुतळी कापायला ठेवलेले पाते एका क्षणात बाहेर येते आणि दोन घरे उद्ध्वस्त होतात. झडतीत पाते सापडले, तर 'मी ते सफरचंद कापायला ठेवले होते' हे सांगायला तुम्ही असता. पण मानायला समोरचा बांधलेला नसतो. ज्या मुलाला आपले नाव स्वच्छ ठेवायचे आहे, त्याने हे ओळखावे. शाळेत, मिरवणुकीत, सामन्याच्या गर्दीत पाते नेऊच नये.

जगही याच दिशेने चालले आहे. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर विमानाच्या प्रवासातील तपासणी फार कडक झाली. चाकू हातातील पिशवीत चालत नाही. तो मोठ्या सामानात द्यावा लागतो. हज-उमऱ्याला निघालेल्या वडीलधाऱ्यांची पिशवी भरताना हे लक्षात ठेवा. २०२४ साली व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनी बिनपात्याची अवजारे बनवण्याचे काम चालू असल्याचे जाहीर केले. अनेक देशांत चाकूंवर निर्बंध वाढत आहेत, हे त्याचे कारण. ज्यांनी चाकूवर नाव कमावले तेही पात्याशिवाय विचार करतात, मग आपल्याला संकोच कशाला?

वापराचे थोडके नियम सांगतो. घरी मोठ्यांसमोर पाते वापरण्याची वेळ आलीच, तर शरीरापासून दूर कापा. अनेक खिशातल्या चाकूंच्या पात्याला कुलूप नसते. जोर उलटा पडला तर ते बोटावर मिटते. अवजार दुसऱ्याला देताना मिटूनच द्या. पात्याने झाकण उचकटू नका, टोक मोडून डोळ्यात जाऊ शकते. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल तेच टोक वापरा. पक्कडीने नट फिरवला तर त्याचे कोपरे झिजतात आणि मग पान्हाही धरत नाही. विजेच्या चालू तारेला हे अवजार कधीही लावू नका. त्याची धातूची मूठ विजेपासून तुमचे रक्षण करत नाही. काम झाले की कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडे करा आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. एवढी काळजी घेतली तर चांगले अवजार वर्षानुवर्षे टिकते.

मित्रांनो, अवजार खिशात असल्याने कोणी कारागीर होत नाही. भिवंडीचा किंवा मालेगावचा फिटर यंत्रमाग दुरुस्त करतो, तेव्हा त्याच्या हातात बहुधा साधा पान्हा आणि पक्कडच असते. बिघाड कोठे आहे हे त्याला कळते, म्हणून माग चालू होतो. तुम्हीही आधी काम शिका. या रविवारी घरातील एक सैल कडी किंवा एक डगमगती खुर्ची, आहे त्या साधनांनी, स्वतः घट्ट करा. अम्मीने ते पाहून शाबासकी दिली की मग अवजाराची यादी घेऊन अब्बांकडे जा. ते नक्की ऐकून घेतील.