बाहेरून लहान, आतून मोठी!

बुधवार पेठेत मोटार बाळगणे हा हौसेपेक्षा धारिष्ट्याचा भाग मानला जातो. लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता यांच्या आधाराने वाढलेल्या इथल्या गल्ल्या आखल्या गेल्या, तेव्हा मोटारीचा विचार असण्याचे कारणच नव्हते. अप्पा बळवंत चौकातली जून महिन्यातली पुस्तकखरेदी, दगडूशेठ हलवाई गणपतीसमोरची संकष्टीची रांग आणि तुळशीबागेतली लगबग यांतून वाट काढणाऱ्याला गाडी जितकी आटोपशीर तितकी बरी वाटते. पण तीच गाडी घरी परतून आई-वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी वाड्याच्या दारात उभी राहिली, की आतली जागा किती, हा प्रश्न पुढे येतो. पेठेतल्या ग्राहकाला मोटार बाहेरून लहान हवी असते आणि आतून मोठी. भारतातील छोट्या मोटारींचा गेल्या चार दशकांचा इतिहास म्हणजे हे कोडे सोडविण्याचाच प्रयत्न होय.

हा विषय पुन्हा ऐरणीवर येण्यास निमित्त घडले ते करकपातीचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. ही सवलत मिळण्यासाठी गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसी, तर डिझेलचे असल्यास १५०० सीसीच्या आत असावे लागते. 'छोटी मोटार' ठरविणारी ही मोजपट्टी मुळात २००६ च्या अर्थसंकल्पातली. तेव्हा या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले होते. म्हणजे वीस वर्षे सरकार लांबी मोजते आहे. रुंदी कोणी मोजत नाही आणि आसन तर नाहीच.

१९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ने मध्यमवर्गाला मोटारीत बसविले हे खरे. पण ती होती जेमतेम ३.३४ मीटर लांब आणि १.४४ मीटर रुंद. बैठक जमिनीलगत असल्याने पाय पुढे पसरावे लागत आणि उतरताना ज्येष्ठांना दाराचा आधार घ्यावा लागे. १९९८ मध्ये पुण्याजवळच्या पिंपरीत तयार झालेली टाटा इंडिका आली, ती नेमकी ही उणीव हेरून. झेनचा आकार, अ‍ॅम्बॅसिडरची ऐसपैस जागा आणि मारुती ८०० च्या आसपासची किंमत, ही रतन टाटा यांची त्यामागची कल्पना होती. त्याच वर्षी आलेल्या सँट्रोने आणि पाठोपाठच्या वॅगन आरने दुसरा मार्ग दाखविला, तो म्हणजे उंचीचा. २००८ मध्ये जगासमोर आलेल्या नॅनोने तर इंजिनच मागे नेले आणि मारुती ८०० पेक्षा आठ टक्के कमी लांबीत २१ टक्के अधिक जागा दिल्याचा दावा केला. आतल्या जागेच्या कसोटीवर ती उत्तीर्ण झाली, बाजारात मात्र नाही.

उंचीमुळे जागा कशी वाढते, हे समजून घेण्यासारखे आहे. बैठक उंच असली की गुडघे खाली वळतात आणि पायांना पुढची जागा कमी लागते. शिवाय आसन उभ्या माणसाच्या कमरेच्या जवळपास येते. त्यामुळे आत 'उतरावे' लागत नाही आणि वर 'चढावे' लागत नाही. सध्याची वॅगन आर ३.६६ मीटर लांब असूनही घरातल्या वडीलधाऱ्यांना सोयीची वाटते, त्याचे रहस्य तिच्या १.६८ मीटर उंचीत आहे.

मात्र जागा आणि आराम या दोन गोष्टी एक नव्हेत. मागच्या आसनाची गादी आखूड केली, पाठ उभी केली आणि पुढच्या आसनाची पाठ पातळ केली, की गुडघ्यांपुढे चार बोटे जागा सहज 'निर्माण' होते. दुकानातल्या पाच मिनिटांत ती मोहवते. कोल्हापूरच्या प्रवासात मात्र मांड्यांना आधार नसल्याने साताऱ्यापर्यंतच कंबर बोलू लागते. म्हणून ग्राहकाने पुढचे आसन स्वतःच्या उंचीप्रमाणे लावून, मग त्याच्याच मागे जाऊन बसावे. मांडी गुडघ्याजवळपर्यंत टेकते का, डोक्यामागचा टेकू मानेखाली तर राहत नाही ना, हे पाहावे. आणि घरातल्या ज्येष्ठांना सोबत नेऊन दोनदा चढ-उतार करायला लावावी.

खरी ओढाताण आहे ती रुंदीची. प्रौढ माणसाच्या खांद्यांची रुंदी सुमारे ४५ सेंटिमीटर धरली, तरी तिघांना १३५ सेंटिमीटर लागतात. अल्टो के-१० ची बाहेरची रुंदीच १४९ सेंटिमीटर. दारांची जाडी वजा केली, की मधल्या माणसाच्या वाट्याला काय उरते, हे सांगायला नको. उलट टाटा पंच १७४ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे मारुती ८०० पेक्षा ३० सेंटिमीटरने जास्त. कर वाचवायचा म्हणून लांबी वाढविता येत नाही. तेव्हा गाडी रुंदीकडे आणि उंचीकडे फुगते. मागे बसलेल्या तिसऱ्याचे खांदे मोकळे होतात. पण गल्लीच्या दोन्ही बाजूंना अशा गाड्या उभ्या राहिल्या, की रस्त्यातले ६० सेंटिमीटर नाहीसे होतात. एक दुचाकी निघायला जवळपास तेवढीच जागा लागते. आतला आराम असा बाहेरच्या पादचाऱ्याच्या वाट्यातून येतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. पेठेखालून २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो धावू लागली आहे. रोजच्या फेऱ्या तिच्यावर सोपविल्या, तर मोटार उरते ती घरच्या सर्वांना घेऊन जाण्यासाठी, आणि मग मागच्या आसनाचे महत्त्व अधिकच वाढते. डिसेंबर २०२५ मध्ये वॅगन आरसाठी दाराकडे वळणारे आसन वेगळे बसवून घेण्याची सोय झाली. गुडघेदुखीला उद्योगाने दिलेली ही पहिली पावती म्हणावी लागेल. पण अशी सोय अपवाद राहू नये.

गाडी किती धावते, याचा आकडा पुण्याच्याच एआरएआय या चाचणी संस्थेच्या नावाने जाहिरातीत छापला जातो आणि ग्राहक त्यावर विसंबतो. मग आसनाची जमिनीपासूनची उंची, गादीची खोली आणि मागच्या बाकाची खांद्याजवळची रुंदी हे तीन आकडे एकाच पद्धतीने मोजून का छापले जाऊ नयेत? सवलत देताना सरकारने लांबीबरोबर रुंदीचाही विचार का करू नये? करदात्यांच्या पैशातून दिलेली सवलत खऱ्या अर्थाने लहान गाडीला मिळावी आणि त्या लहान गाडीत माणूस नीट बसावा, एवढीच तर अपेक्षा आहे. गल्लीही आपलीच आहे आणि मागच्या बाकावरचे आजोबाही!