विश्लेषण : पाय कापायला विमा, पाय जपायला का नाही?

घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत रुग्णालये, लॅब, औषधांची दुकाने भरपूर. तरीही मधुमेहाचा नवा रुग्ण अनेकदा गोळ्यांची चिठ्ठी आणि ‘गोड बंद करा’ एवढा सल्ला घेऊन घरी येतो. साखर अचानक उतरली तर काय करावे, इन्सुलिन कसे टोचावे, पाय रोज कसे तपासावेत, हे शिकवणार कोण?

विमा काय देतो?
बहुतेक पॉलिसी किमान २४ तास रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. त्यामुळे जखम चिघळून पाय कापावा लागला तर दावा मंजूर होतो. पाय जपण्याच्या प्रशिक्षणाचे पैसे खिशातून.

इतरत्र काय?
अमेरिकेत १९९७च्या कायद्याने ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’मध्ये हे प्रशिक्षण आले. पहिल्या वर्षी १० तास, पुढे दरवर्षी २ तास.

इथे काय व्हावे?
‘आयसीएमआर’च्या २०२३च्या अहवालानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. ‘इर्डाई’ने २०२४मध्ये जुन्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा काळ चारवरून तीन वर्षांवर आणला. आता प्रशिक्षणाचे काही तास पॉलिसीत सक्तीचे करावेत. हप्ता थोडा वाढेलही. पण शिकवणीचा खर्च शस्त्रक्रियेच्या बिलापुढे किरकोळच.