लिहिण्याचीही मजुरी ठरवावी लागते

मे महिन्याच्या सुट्टीतली दुपार होती. लोणखेड्यात त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. दार वाजले म्हणून उघडले, तर आमची एक जुनी विद्यार्थिनी आणि तिची सासू उभ्या. सलाम-दुआ झाली, घरातून पाणी आले. पण मुलीच्या हातातला ग्लास तसाच राहिला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "सर, पोलीस घर आएंगे क्या?"

हकीकत अशी. मोबाईलवर जाहिरात आली : घरबसल्या टायपिंग करा, महिन्याला पंधरा हजार कमवा. नोंदणीचे १,८०० रुपये भरायचे. मुलीने ते भरले आणि आधारकार्डाचा फोटो पाठवला. मग पाच दिवसांत ४०० पाने टाइप करायचे काम आले. घरातली सगळी निजल्यावर तिने रात्री जागून ते पुरे केले. सहाव्या दिवशी उत्तर आले की तुमच्या कामात चुका जास्त आहेत, करार मोडला गेला आहे. मागोमाग एका 'वकिलाची' नोटीस मोबाईलवरच आली : ७,५०० रुपये यूपीआयने भरा, नाहीतर कोर्टात खेचू.

मुलगी रडत होती ती पैशासाठी नव्हे, घरच्या पुरुषमाणसांना कळेल म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "इस की गलती नहीं सर. बकरी बेचने के पैसे मेरे थे, मैंने ही बोला था कर."

आम्ही नोटीस वाचली. कोर्टाचे नाव नाही, दाव्याचा क्रमांक नाही. वकिलाची नोटीस खरी असली तरी तो कोर्टाचा हुकूम नसतो, आणि मोबाईलवर धमकावून यूपीआयने पैसे उकळण्याची रीत कोणत्याही कोर्टाची नाही. आम्ही तिला तीन गोष्टी करायला सांगितल्या. एक, आणखी एक रुपयाही भरायचा नाही. दोन, सगळे संदेश आणि पैसे भरल्याची पावती यांचे फोटो काढून ठेवायचे आणि मगच तो नंबर बंद करायचा. तीन, सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवायची. पैसे गेल्यावर जितक्या लवकर हा फोन लागेल तितके बरे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. कायद्याचा सल्ला लागला तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना ही मदत मोफत मिळते. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट आमच्या फार थोड्या भगिनींना माहीत आहे.

१,८०० रुपये परत आले नाहीत. नवी धमकीही आली नाही. पण जाता जाता मुलीने जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठी हा लेख आहे. ती म्हणाली, "सर, मग घरी बसून लिहिण्याचं काम खरंच कुठे नसतंच का?"

असते. पण ते कसे ओळखायचे आणि कसे सुरू करायचे, हे कोणीतरी सांगावे लागते.

पहिली खूण सोपी आहे. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाणाऱ्या बाईकडून कोणी नोंदणी फी घेते का? नाही. मग लिहिणाऱ्या बाईनेच ती का द्यावी? फी, डिपॉझिट, 'किट', 'ट्रेनिंग' असा शब्द पहिल्याच दिवशी आला की मोबाईल खाली ठेवावा.

आपले भांडवल कोणते?

मुलगी म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही, मला काय काम मिळणार?" आम्ही तिला बोटांवर मोजायला लावले. घरात उर्दू, शाळेत उर्दू आणि मराठी, टीव्हीवर हिंदी, शेजारी अहिराणी. चार भाषा. उर्दू वाचून मराठीत स्वच्छ लिहू शकेल असे माणूस शोधायला निघा, ते किती दुर्मीळ आहे ते कळेल. आमच्या समाजातल्या मुलींना ही देणगी फुकट मिळालेली आहे, म्हणूनच तिची किंमत वाटत नाही.

मात्र बोलता येणे वेगळे आणि लिहिता येणे वेगळे. त्यासाठी आम्ही तिला एक सराव दिला. तो कोणालाही करता येईल. बालभारती आपली पुस्तके मराठीबरोबर उर्दूतही काढते आणि ती इंटरनेटवर मोफत मिळतात. सातवी-आठवीचे विज्ञान किंवा भूगोल दोन्ही भाषांत उतरवून घ्यावे. उर्दू पुस्तकातला एक परिच्छेद वाचून मराठी पुस्तक न उघडता तो स्वतः मराठीत लिहावा. मग छापील मराठी धडा काढून शेजारी ठेवावा आणि लाल पेनाने आपल्या चुका आपणच काढाव्यात. मास्तर लागत नाही, फी लागत नाही. रोज एक परिच्छेद, असे दोन महिने. ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, 'बुखारात' म्हणजे 'बाष्प' हे डोक्यात पक्के बसते, आणि मुख्य म्हणजे वाक्य उर्दूच्या साच्यातून निघून मराठीच्या साच्यात पडू लागते.

लिहायचे ते युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलच्या साध्या मराठी आणि उर्दू कीबोर्डवर. जुन्या छापखान्यांचे फाँट दुसऱ्याच्या यंत्रावर उघडले की अक्षरांची भेळ होते. सुरुवातीला संगणक नसला तरी अडत नाही. तो पहिल्या कमाईतून नव्हे, दहाव्या कमाईतून घ्यावा.

काम कुठे असते?

सगळ्यात आधी आपल्या गल्लीत पाहावे. दुकानाची जाहिरात, क्लासच्या नोट्स, लग्नपत्रिकेचा मजकूर, संस्थेचा अहवाल, दवाखान्यातल्या सूचनांचे भाषांतर. शहाद्याचा पपईचा व्यापारी माल उत्तरेकडे पाठवतो. त्याला चार ओळी नीट हिंदीत हव्या असतात. ही कामे छोटी असतात, पण माणूस ओळखीचा असतो आणि पैसे बुडत नाहीत. त्यातूनच दाखवण्यासारखे नमुने तयार होतात. आपल्या हातचे तीन चांगले नमुने तयार नसतील तर मोठ्या शहरातल्या भाषांतर संस्थांना पत्र पाठवण्यात अर्थ नाही.

कथा लिहिणाऱ्यांसाठी २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीसारखे मंच आहेत, तिथे मराठीही आहे. पण वाचक जमल्याशिवाय तिथून पैसा येत नाही. तो छंद म्हणून धरावा, महिन्याच्या रेशनचा हिशेब त्यावर बांधू नये. परदेशी कामे मिळवून देणारी संकेतस्थळेही आहेत. ती आपले कमिशन कापतात. फायवरवर तर शंभरातले वीस जातात. हे धरूनच दर सांगावा.

आणि आता यंत्र भाषांतर करते, त्याचे काय? ही भीती खोटी नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून साध्या मजकुराचे दर खाली आले आहेत. पण उर्दूवाल्यांनी हे एकदा पाहिले आहे. पूर्वी उर्दूचे प्रत्येक पान कातिब हाताने लिहीत असे, कित्येक कातिब घरीच बसून पानामागे पैसे घेत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक आले, मग इनपेज आले, आणि कातिबांची ओळ उठली. ज्यांनी फक्त अक्षर विकले त्यांचे काम गेले. ज्यांना भाषेची चूक दिसत होती ते संगणकावर बसले आणि टिकले. आजही तेच आहे. यंत्राचे मराठी वाचून त्यातले काय चुकले ते सांगणारे माणूस लागते, आणि त्यासाठी आधी आपले मराठी यंत्रापेक्षा चांगले हवे.

एक काम मात्र करू नये. आमच्या लोणखेड्यात आणि शहाद्यात कॉलेजे आहेत, त्यामुळे "प्रोजेक्ट लिहून द्या, बी.एड.ची फाईल लिहून द्या" अशी मागणी दारात येते. पैसे रोख मिळतात. दुसऱ्याच्या नावाने परीक्षेचे काम लिहिणे ही फसवणूक आहे, मग ती कितीही सुंदर अक्षरात असो. न वापरलेल्या वस्तूची खोटी तारीफ लिहिणेही तसेच. ज्या कमाईला हलाल म्हणताना जीभ अडखळेल ती घरात आणू नये.

दर, करार आणि हक्क

कापूस वेचणारी बाई किलोचा भाव आधी विचारते. लिहिणारी बाई मात्र लाजते. "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" हे वाक्य आमच्या शिकलेल्या मुलींनी विसरून जावे. शब्दामागे किंवा पानामागे दर ठरवावा आणि घड्याळ लावून पाहावा. ५०० शब्दांचे ५०० रुपये मिळाले आणि काम पाच तासांत झाले, तर तासाला शंभर. दहा तास लागले, तर पन्नास. आपला वेग कळल्याशिवाय आपला दर कळत नाही. नमुना म्हणून शंभर-दीडशे शब्द फुकट द्यावेत, त्याहून जास्त नाही. नव्या माणसाकडून निम्मे आगाऊ घ्यावेत. तोडलेली पपई झाडाला परत लागत नाही, आणि पाठवून दिलेला मजकूरही परत येत नाही.

ठरलेले सगळे लिहून ठेवावे : काम किती, दर किती, तारीख कोणती, दुरुस्ती किती वेळा. ओळखीच्या माणसाला असे विचारायचा संकोच वाटतो. पण कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे आपण विसरतो. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट त्यामुळे नाते वाचते. व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवून "कबूल आहे" असे उत्तर घेतले तरी सुरुवातीला पुरते.

हक्काचेही समजून घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या मजकुराचा पहिला मालक सामान्यतः तो स्वतः असतो. मालकी दुसऱ्याला द्यायची तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. तसेच दुसऱ्याची कथा भाषांतर करून छापायची तर मूळ हक्कदाराची परवानगी लागते. आपला हक्क जपणाऱ्याने दुसऱ्याचाही जपावा.

पॅनकार्ड स्वतःच्या नावाचे काढून घ्यावे. एकाच कंपनीकडून वर्षात ५० हजारांवर फी झाली तर ती १० टक्के टीडीएस कापते. पॅन नसेल तर २० टक्के. एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेत नसेल तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळते.

पैसे कोणाच्या खात्यात?

हा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. आम्ही मुलीला विचारले, "पैसे कुठे मागवशील?" ती म्हणाली, "यांच्या खात्यावर." तिचे स्वतःचे खाते होते, शिष्यवृत्तीसाठी आम्हीच शाळेत काढायला लावले होते. लग्नानंतर ते बंद पडल्यासारखेच होते. आम्ही सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "बँकेत मी नेते तिला." घरखर्चाला हातभार लावणे वेगळे आणि स्वतःच्या कमाईचा आकडाच माहीत नसणे वेगळे.

दुसरी गोष्ट वेळेची. 'घरी बसून' या शब्दांनी घात होतो. घरातले म्हणतात, ही तर बसलेलीच आहे, हिला भाजी निवडायला सांगा. ज्या घरात मुलगी लिहिते तिथे रोजचे दोन तास ठरवून द्यावेत आणि त्या दोन तासांत मूल दुसऱ्या कोणीतरी सांभाळावे. १८९८ मध्ये लाहोरात मुहम्मदी बेगम यांनी 'तहजीब-ए-निस्वाँ' हे साप्ताहिक चालवायला घेतले, तेव्हा घराघरांतल्या स्त्रिया टपालाने मजकूर पाठवू लागल्या. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. पण लिहिण्यापुरता वेळ त्यांनी कुठून तरी मिळवलाच असेल.

दोन महिन्यांचा सराव झाल्यावर मुलीला पहिले काम मिळाले. एका क्लासच्या विज्ञानाच्या उर्दू नोट्स मराठीत करायच्या होत्या. २० पाने, पानाला ६० रुपये. पानामागे दीड तास गेला, म्हणजे तासाला चाळीस रुपये पडले. आम्ही म्हणालो, दर कमी आहे, पुढच्या वेळी शंभर सांग. तिने मान हलवली. १,२०० रुपये तिच्या खात्यात आले त्या संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. आवाजात हसू होते.

"सर, बकरी के छह सौ अभी बाकी हैं."

इन्शाअल्लाह, तेही येतील.