बुश बदला, पण बोल्ट शेवटी आवळा

पंधरा-वीस वर्षं जुनी अल्टो किंवा वॅगनआर दारात असेल आणि खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाजवळ खटखट वाजत असेल, तर लगेच शॉकअप बदलायला धावू नका. ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते का, टायर आतल्या कडेने झिजलाय का, हेही बघा. दोष बरेचदा लोअर आर्मच्या बुशमध्ये असतो.

लोअर आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, तिथे लोखंडी नळीभोवती पक्कं चिकटवलेलं रबर असतं. चाक वरखाली झालं की ते पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. वयाने, उष्णतेने, इंजिनातून गळणाऱ्या ऑइलने ते फाटतं. आर्म आणि सांगाड्याच्या फटीत टॉमी घालून हलकेच रेटा. वरवरच्या बारीक भेगा चालतील; रबर नळीपासून सुटलेलं दिसलं, तर बुश गेला.

पान्यांची सवय असलेल्याने हे काम घरी जरूर करावं. मात्र कळकळीने सांगतो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. जमीन सपाट आणि पक्की हवी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि गाडीचा भार घोड्यांवर (जॅक स्टँडवर). घोड्या नसतील तर काम पुढच्या रविवारवर ढकला. विटांचा थर लावून भागवू नका, वीट भाराखाली अचानक फुटते. स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नटही सोडू नका. त्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते.

पावसाळे खाल्लेले बोल्ट गंजून बसतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. आर्म निघाला की जुना बुश काढण्याआधी तो कोणत्या दिशेने बसलाय त्याची मार्करने खूण करा. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते. ती फिरली तर गाडी नीट चालणार नाही. हातोड्याने ठोकून बुश बसवू नका, नळी वाकडी होते. आर्म प्रेस मशीन असलेल्या गॅरेजात न्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. रबराला ग्रीस किंवा ऑइल लावू नका, साबणाचं पाणी पुरतं. आर्म वाकलेला किंवा बॉल जॉइंट ढिला असेल, तर आख्खा आर्मच नवा घ्या. बुश मात्र दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते. चाक हवेत लोंबकळत असताना बुशचे बोल्ट पूर्ण आवळू नका. आवळला की बोल्ट आतली नळी जागच्या जागी धरून ठेवतो. मग गाडी खाली उतरवली, की आर्म वर जातो आणि उभ्या गाडीतही रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा नवा बुश लवकर फाटतो आणि दोष निष्कारण मालावर येतो. म्हणून बोल्ट आधी हातानेच बसवा. घोड्या तशाच ठेवून जॅक बॉल जॉइंटखाली लावा, आणि गाडी घोडीवरून जेमतेम उचलली जाईपर्यंत वर घ्या. त्या स्थितीत टॉर्क रेंचने, त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला बोल्ट आवळा. एकदा काढलेले सेल्फ-लॉकिंग नट आणि स्प्लिट पिना पुन्हा वापरू नका.

चाकं बसवून गाडी आधी गल्लीतच सावकाश फिरवा, ब्रेक मारून बघा आणि मग थेट व्हील अलाइनमेंटला न्या.