तिसऱ्या बाधत नाहीत

धरमतरच्या पुलाजवळ मे महिन्यातल्या दुपारी मासळी घ्यायला थांबलात तर पाटीवरच्या गोणपाटाला एकदा हात लावून बघा. गोणपाट ओले असते, पण गार नसते. ओहोटीला चिखलात उतरून वेचलेल्या तिसऱ्या, खडपावर फोडलेली कालवे, नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या असा माल समोर असतो आणि विकणारी बाई मधूनमधून त्यावर पाणी शिंपडत असते. ते पाणीही बहुधा खाडीचेच. माल ताजा असतो, पहाटेचाच असतो, त्यात फसवणूक काही नाही. तरीही दुसऱ्या दिवशी एखाद्या घरात कुणाच्या तरी पोटात मुरडा येतो, पाण्यासारखे जुलाब लागतात, उलट्या होतात, अंग तापते. मग घरातले जाणते माणूस निकाल देऊन टाकते : तिसऱ्या बाधल्या.

हा शब्द आम्हांला खटकतो, कारण तो उच्चारला की चौकशी संपते. दवाखान्यात गोळ्या मिळतात, सलाइन लागते, दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो आणि कशामुळे झाले ते कुणीच विचारत नाही. फार तर कंपन्यांच्या सांडपाण्याला चार शिव्या पडतात. त्या सांडपाण्याचा लढा खरा आहे आणि तो लढलाच पाहिजे. पण अशा दुखण्यामागचा एक मोठा संशयित कुठल्याही नळीतून खाडीत आलेला नाही. तो खाडीतलाच मूळचा रहिवासी आहे.

त्याचे नाव व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. पटकीच्या जंतूचा हा भाऊबंद, पण मिठावर जगणारा. अंबा नदीचे गोडे पाणी जिथे समुद्राच्या भरतीत मिसळते तसली उबदार, मचूळ, गाळाची जागा त्याला मानवते. तो पहिल्यांदा ओळखला गेला जपानमध्ये. 1950 साली ओसाका परिसरात उकडून अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन 272 लोक आजारी पडले, त्यांतले 20 दगावले. त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी तेव्हा हा जंतू वेगळा काढला. पण लगेच एक कोडे उभे राहिले. शोधायला गेले तर हा जंतू समुद्राकाठच्या मासळीवर जागोजाग सापडे, आणि ती मासळी खाणारे बहुतेक लोक ठणठणीत असत.

कोडे उलगडले ते एका साध्या थाळीने. माणसाच्या रक्ताच्या तांबड्या पेशी घातलेल्या थाळीत हे जंतू वाढवले. रुग्णांच्या पोटातून आलेल्या जंतूंनी भोवतालच्या पेशी फोडून आपल्याभोवती स्वच्छ कडे पाडले. मासळीवरून घेतलेल्या बहुतेकांनी असे काही केले नाही. दिसायला दोन्ही सारखे, नावही एकच. फरक होता एका जनुकाचा. त्याला टीडीएच म्हणतात. या जनुकाच्या हुकमावरून जंतू एक प्रथिन बनवतो आणि ते प्रथिन पेशीच्या आवरणाला भोके पाडते. आतड्याच्या पेशींचा क्षारांचा तोल गेला की त्यांच्यामागे पाणीही बाहेर पडू लागते. जुलाब म्हणतात ते हेच. हे जनुक, त्याचे जवळचे भावंड टीआरएच, आणि पेशीत आपली प्रथिने टोचणारी एक सूक्ष्म सुई, ही या जंतूची मुख्य हत्यारे. 2003 साली त्याचा सगळा जनुकसंच वाचला गेला तेव्हा टीडीएच आणि ती सुई एकाच पट्ट्यात सापडली. त्या पट्ट्याची घडण आजूबाजूच्या मजकुराशी जुळत नाही. म्हणजे तो मूळचा नाही, कुठून तरी उचललेला आहे.

पटकीची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. पटकी एका विषामुळे होते हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये सशाच्या आतड्यावर दाखवले. ते विष बनवणारे जनुक जंतूकडे येते एका विषाणूतून, हे 1996 मध्ये कळले. त्याच 1996 मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयांत आपल्या खाऱ्या जंतूचा एक नवा वाण एकाएकी वाढलेला दिसला. टीडीएच घेऊन तो आग्नेय आशिया, जपान, अमेरिका, चिली असा फिरला.

आपण कालवे कच्ची खात नाही, मग आपल्याला काय होणार, असे कुणी म्हणेल. कालवण चांगले उकळले की हा जंतू मरतो हे खरे आहे. पण आपल्या स्वयंपाकघरात जरा वाकून पाहा. ज्या विळीवर तिसऱ्या चिरल्या तिच्यावरच, पाण्याचा हबका मारून, कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. ज्या ताटात कच्ची कोलंबी सोलली त्यातच तळलेले तुकडे काढून ठेवले जातात. त्यात तासांचा हिशेब मिळवा. ऊब असेल तर हा जंतू दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होतो. पंधरा धरले तरी तीन तासांत एकाचे चार हजारांवर जातात. पहाटेची पाटी दुपारपर्यंत ओल्या, कोमट गोणपाटाखाली राहते तेव्हा जे थोडे टीडीएचवाले त्यात असतील त्यांना आपण एवढा अवकाश देतो. जनुक खाडीचे असेल. अवकाश आपला आहे.

यावरचे उपाय जपान्यांनी कधीच शोधले. मासळी पकडल्यापासून बर्फात ठेवायची आणि शिजवण्याआधी नळाच्या पाण्याने खळखळून धुवायची, कारण मिठावर जगणारा हा जंतू गोड्या पाण्यात तग धरत नाही. वाचायला किती सोपे वाटते! पण पेणच्या खारेपाटात जाऊन हे सांगायला तोंड नाही. उन्हाळ्यात तिथे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला पोचून वर्षे लोटली. ज्या बाईला प्यायला हंडाभर पाणी नाही, ती तिसऱ्या धुवायला कुठून आणणार? खाडीचे पाणी शिंपडते म्हणून तिला बोल लावणाऱ्यांनी आधी तिच्या गावच्या नळाचे बघावे. बर्फाचेही तेच. मोठ्या बंदरावर तो मिळतो. डोक्यावर पाटी घेऊन नाक्यावर बसणाऱ्या आगरी-कातकरी बाईच्या दिवसाच्या मिळकतीत तो बसत नाही. बसण्याच्या जागी सावली, गोड्या पाण्याचा नळ आणि सवलतीतला बर्फ, एवढी सोय ग्रामपंचायतीने आणि मत्स्यव्यवसाय खात्याने मिळून करून द्यावी. धरमतरपुरती नव्हे, रोह्याकडे कुंडलिकेच्या खाडीवरही.

दुसरी मागणी आरोग्य खात्याकडे. पाण्याची जी नेहमीची तपासणी होते ती मैलापाण्याचे जंतू मोजते. खाडीच्या या रहिवाशाचा तिला पत्ता लागत नाही. जुलाबाच्या रुग्णाच्या नमुन्यातही तो मुद्दाम शोधल्याशिवाय सहसा सापडत नाही. शोधणे मात्र अवघड नाही. टीसीबीएस नावाचे हिरवट माध्यम साठ वर्षांपासून वापरात आहे. त्यावर पटकीच्या जंतूचे ठिपके पिवळे उठतात, याचे हिरवे. पुढे त्याच्याकडे टीडीएच आहे की नाही ही पीसीआरची चाचणी, आणि करोनाच्या साथीनंतर ते यंत्र महाराष्ट्रात नवलाईचे राहिलेले नाही. दोन-तीन वर्षे नेटाने नोंदी ठेवल्या तर कोणत्या महिन्यांत, कोणत्या मासळीवर, कोणत्या काठाला हे जनुक आढळते ते कळेल. तोवर सगळी खाडी बदनाम होते आणि पाटीवाल्या बाईचा धंदा बसतो.

नमुना घ्यायचा तो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. नंतर घेतला तर हाती काही लागेलच असे नाही. तो वाटेत सुकूनही चालत नाही, कारण सुकला की हे जंतू मरतात. म्हणून तो कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या नळीत ठेवून पाठवतात. त्यासाठी बर्फाची पेटी लागत नाही. लागते ती बोटभर लांबीची नळी, कापसाचा बोळा लावलेली काडी आणि रुग्ण काल काय जेवला हे विचारून लिहून घेणारे माणूस. खाडीकाठच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा नळ्यांचा एक डबा पुढच्या उन्हाळ्याआधी पोचला पाहिजे.