तणांची 'आणीबाणी' दरवर्षीच कशी येते?

'आपत्कालीन वापरास मंजुरी' हे शब्द आपल्या घराघरांत पोहोचले ते जानेवारी २०२१ मध्ये, कोविडच्या लशींमुळे. शेतीच्या औषधांच्या जगात ही सोय त्याहून बरीच जुनी आहे. अमेरिकेत कीडनाशकांसंबंधी जो मूळ केंद्रीय कायदा आहे, त्याच्या कलम १८ खाली एखाद्या राज्याचे कृषी खाते ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे अर्ज करू शकते. अर्जाचा सूर साधारण असा असतो: आमच्याकडे या पिकावर असे संकट आहे, बाजारातल्या नोंदणीकृत औषधांनी ते आवरत नाही, मोठे नुकसान होणार आहे, तेव्हा नोंदणी पूर्ण न झालेले हे रसायन आम्हाला या हंगामापुरते वापरू द्या. युरोपीय संघाच्या कायद्यातही कलम ५३ आहे. तिथे मुदत १२० दिवसांची. भातातल्या हट्टी तणांसाठी या दारांवर वारंवार टकटक होत असते, आणि दाराआड काय तपासले जाते, यात डॉक्टर म्हणून मला रस आहे.

अमेरिकी नियमांत आणीबाणीची व्याख्या आहे: तातडीची आणि नेहमीची नसलेली परिस्थिती. व्याख्येतला दुसरा भाग महत्त्वाचा. टोळधाड अचानक येते, नवी कीड जहाजातून येते. पण तणनाशकाला दाद न देणारे तण अचानक येते का?

अमेरिकेतला जवळपास निम्मा भात आर्कान्सा राज्यात पिकतो. तिथे सावा या तृणधान्याच्या जातकुळीतले एक रानगवत भाताचा मुख्य शत्रू. लहानपणी ते भाताच्या रोपासारखेच दिसते, त्यामुळे हाताने निवडून काढणेही कठीण. त्यावर प्रोपॅनिल हे तणनाशक अनेक वर्षे चालले. त्यामागचे विज्ञान सुरेख आहे. भाताच्या पानात एक विकर (एन्झाइम) असते, ते प्रोपॅनिल फोडून निष्प्रभ करते. गवताकडे ते विकर पुरेसे नसते. म्हणून एकाच फवाऱ्याखाली भात वाचतो आणि गवत मरते. १९९० मध्ये आर्कान्सात प्रोपॅनिलला न जुमानणारे गवत सापडले. तपासणीत कळले की, हे गवतही तेच विकर भरपूर तयार करून प्रोपॅनिल पचवत होते. पुढे १९९९ मध्ये क्विनक्लोरॅकला, आणि आणखी काही वर्षांत क्लोमाझोनलाही त्याने दाद देणे सोडले. कॅलिफोर्नियात बेन्सल्फ्युरॉन १९८९ मध्ये आले आणि तीन-चार वर्षांतच प्रतिकारक तणे उगवली.

हे वाचताना कुठल्याही डॉक्टरला पेनिसिलिन आठवावे. पेनिसिलिन फोडणारे जिवाणूंचे विकर १९४० मध्येच नोंदले गेले होते, म्हणजे ते औषध सर्रास वापरात येण्याच्या आधी. एकच औषध, मोठ्या क्षेत्रावर, वर्षानुवर्षे वापरले की जे मरतात ते संपतात आणि जे वाचतात त्यांचीच पुढची पिढी. लाखो बिया टाकणाऱ्या तणात असा एखादा वाचणारा वाण सापडणे ही केवळ वेळेची बाब. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर गव्हातल्या गुल्ली डंड्याचे घ्या. हरियाणा-पंजाबात आयसोप्रोट्युरॉनला हे तण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच जुमानेनासे झाले. तेव्हा प्रतिकार ही आधीच दिसणारी गोष्ट आहे. आणि जी गोष्ट दहा वर्षे आधी दिसते तिला आणीबाणी म्हणायला मी तयार नाही. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, त्याची घाई खरी आहे. पण त्या दहा वर्षांत पीकपालट, बियाण्याची स्वच्छता, पाण्याचे नियोजन, तणनाशकांची अदलाबदल यांवर काय केले, हे अर्जात विचारले जायला हवे.

तसे न विचारल्यास काय होते, ते इटलीत दिसते. युरोपातला सर्वाधिक भात इटलीत, पो नदीच्या खोऱ्यात पिकतो. युरोपीय संघाने प्रोपॅनिलला मान्यता नाकारली, तरी इटलीत १२० दिवसांच्या आपत्कालीन परवानग्यांवर ते अनेक हंगाम वापरले गेले. तिथे अशी परवानगी आरोग्य मंत्रालय देते, ही आणखी एक गंमत. हंगाम संपला की आणीबाणी संपते, पुढच्या पेरणीला पुन्हा येते. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने बीटच्या बियाण्यावरील काही कीटकनाशकांच्या प्रकरणात ठणकावले की, आरोग्य किंवा पर्यावरणाच्या कारणावरून ज्या वापरावर युरोपने स्पष्ट बंदी घातली आहे, तो आपत्कालीन कलमाच्या मागच्या दाराने आत आणता येणार नाही.

प्रोपॅनिलचा आरोग्याशी संबंध काय, तेही सांगतो. उंदरांवरील चाचण्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते पूर्वी सौम्य विषारी गटात बसत होते. श्रीलंकेच्या भातपट्ट्यात ते पोटात गेलेले रुग्ण डॉक्टरांनी काळजीपूर्वक नोंदवले, तेव्हा साधारण दहातला एक दगावत होता. या विषाने रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते. ओठ निळे पडतात, रक्त चॉकलेटच्या रंगाचे दिसते, बोटाला लावलेले ऑक्सिमीटर पंचाऐंशीच्या आसपास अडकून बसते आणि ऑक्सिजन देऊनही हलत नाही. उतारा आहे, मिथिलीन ब्लू. पण तो वेळेवर सुचायला आणि हाताशी असायला हवा. उंदरांच्या आकड्यावर ठरलेली 'सौम्य' ही पदवी माणसाला लागू पडतेच असे नाही, एवढा धडा त्यातून मिळाला.

आता खरोखरच नव्या रसायनाकडे येऊ. टेटफ्लुपायरोलिमेट हे भातासाठीचे नवे तणनाशक. तीस वर्षांहून अधिक काळानंतर तणे मारण्याची नवी पद्धत आल्याचा त्याच्या कंपनीचा दावा आहे, आणि तणनाशकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत त्याला स्वतंत्र गट मिळाला आहे. त्याची पहिली नोंदणी २०२५ मध्ये पेरूत झाली. जुनी सगळी औषधे पचवलेल्या गवतावर नवी पद्धत चालू शकते, म्हणून भातउत्पादकांना त्याची घाई असणे मी समजू शकतो.

हे रसायन वनस्पतीतले डीएचओडीएच नावाचे विकर रोखते. डीएनएचे घटक बनवण्यासाठी ते लागते. ते अडले की रोपाची वाढ थांबते. संधिवाताच्या रुग्णांना हे विकर अनोळखी नाही, फक्त नाव माहीत नसेल. लेफ्लुनोमाइड हे १९९८ पासून वापरात असलेले औषध माणसातले हेच विकर रोखते. ते सुरू असताना आम्ही यकृताच्या तपासण्या वारंवार करतो, आणि गर्भवती स्त्रीला ते कधीही देत नाही.

यावरून तणनाशकाने माणसालाही तेच होणार, असा निष्कर्ष काढू नये. विकर एकाच नावाचे असले तरी प्रत्येक जीवात त्याची घडण निराळी असते. लेफ्लुनोमाइड माणसाच्या विकराला घट्ट पकडते, हिवतापाच्या परजीवीच्या विकराला जवळजवळ सोडून देते. उलट परजीवीचे विकर पकडणारी आणि माणसाचे सोडणारी संयुगेही बनवली गेली आहेत. वनस्पतीपुरते मर्यादित राहणारे रसायन म्हणूनच शक्य आहे. पण ते खरोखर मर्यादित आहे का, विशेषतः गर्भावर, याचे उत्तर दीर्घ मुदतीच्या आणि दोन पिढ्यांच्या प्राणी-चाचण्यांतून, पूर्ण नोंदणीच्या छाननीत मिळते. घाईच्या मंजुरीत नेमकी हीच पाने भरभर उलटली जाण्याचा धोका असतो. अमेरिकेत अशा मंजुरीबरोबर अन्नातल्या अवशेषाची तात्पुरती मर्यादा ठरवावी लागते, आणि रसायन अगदी नवे असेल तर जनतेची मते मागवावी लागतात. चांगलेच आहे. तरी ती मर्यादा भात खाणाऱ्यासाठी आहे. फवारणाऱ्याच्या अंगावर पडते ते ताटातल्या अवशेषाच्या कितीतरी पट.

घाईची मंजुरी नीट देता येते, हेही क्षयरोगाने दाखवले आहे. बेडाक्विलीन हे चाळीस वर्षांनंतर आलेले नव्या पद्धतीचे औषध. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने त्याला अपुऱ्या पुराव्यावर मान्यता दिली. चाचणीत औषध घेतलेल्या गटात मृत्यू जास्त होते, तो इशारा वेष्टनावर ठळक छापला. भारतात २०१६ मध्ये ते मोजक्या केंद्रांतच सुरू झाले. एकटे कधी द्यायचे नाही, सोबत चालणारी औषधे हवीत, ईसीजी काढत राहायचे, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची. आज ते बहुप्रतिकारक क्षयाच्या उपचाराचा कणा आहे. नव्या तणनाशकालाही हीच शिस्त लावली तर ते टिकेल. मोकाट सोडले तर प्रोपॅनिलच्या वाटेने जाईल.

आपल्याकडे अमेरिकेसारखे कलम १८ नाही. केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यानंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्यातल्या कलम ९(३ब) खाली देशात प्रथमच येणाऱ्या रसायनाला दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी देता येते. मजुरांची टंचाई आणि आटणारे भूजल यांमुळे पंजाब-हरियाणात भाताची थेट पेरणी वाढते आहे. चिखलणी आणि साचलेले पाणी नसले की तण बेसुमार होते. २०२१ मध्ये इमाझेथापायर सोसणारे बासमती वाणही आले. आपल्या भंडारा-गोंदियात आणि कोकणातही निंदणीला माणसे मिळत नाहीत, ही तक्रार नवी नाही. म्हणजे नव्या तणनाशकांची मागणी इथेही वाढणार.

२०१७ मध्ये यवतमाळात कापसावर कीटकनाशके फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती तणनाशके नव्हती, पण फवारणारे हात तेच, मास्क आणि हातमोज्यांची वानवा तीच. डब्यावरच्या रंगीत त्रिकोणावर फार भिस्त ठेवू नका, असे मी रुग्णांच्या नातेवाइकांना सांगतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग फक्त तत्काळ विषारीपणा सांगतात, तोही प्राण्यांवर मोजलेला. गर्भ, यकृत, वर्षानुवर्षांचा संपर्क यांबद्दल हिरवा त्रिकोण काही बोलत नाही.

नवे रसायन तात्पुरत्या परवान्यावर विक्रीला येण्याआधी त्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्याचे नाव, विषबाधेची लक्षणे आणि उतारा असेल तर तो, एवढे एक पान मराठीत पोहोचावे. उतारा नसेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असावे. रुग्ण आणणाऱ्याने रिकामा डबा किंवा लेबलाचा फोटो सोबत आणावा. आमच्याकडे रात्री येणाऱ्या विषबाधेच्या रुग्णाबरोबर बहुधा एकच माहिती येते: 'गवतावर मारायचे औषध'.