माजघरांतून : सहीची वही

आत्याबाई गेल्या त्याला आतां वर्ष होत आलें. त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भगिनी. जन्मभर त्यांनीं मुलींच्या शाळेंत शिकविलें आणि उतारवयांत त्या आमच्याच घरीं राहिल्या. त्यांच्या ट्रंकेंतील वस्तूंची वांटणी करण्यासाठीं गेल्या महिन्यांत आम्ही सारे माजघरांत जमलों, तेव्हां दोन इरकली लुगडीं, एक चांदीचें फुलपात्र आणि एक तळहाताएवढी वही एवढाच ऐवज निघाला. लुगड्यांवरून वाद झाला नाहीं; फुलपात्रावरूनहि नाहीं. वाद झाला तो वहीवरून.

वही जुन्या पद्धतीची, कापडी पुठ्ठ्याची, गुलाबी, निळ्या व पिवळ्या पानांची. पंधरासोळा वर्षांच्या असतांना, म्हणजे १९४४–४५ च्या सुमारास, आत्याबाईंनीं तींत गवयांच्या, नटांच्या आणि नर्तकांच्या सह्या जमविण्यास आरंभ केला. प्रत्येक सहीखालीं तारीख, ठिकाण आणि त्या दिवशीं काय ऐकलें किंवा पाहिलें तें त्यांनीं पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहून ठेवलें आहे. धाकट्या भावजींचा मुलगा वही चाळतां चाळतां म्हणाला, “काकू, अशा सह्यांना हल्लीं लिलांवांत काय किंमत येते, तुम्हांला ठाऊक आहे का? एकेक पान सुटें करून विकलें तर—”

त्याचें वाक्य पुरें झालें नाहीं. वहींतील एक पान आधींच सुटें झालेलें त्याला आढळलें. शिवणीजवळ फाटक्या कागदाची बोटभर पट्टी तेवढी शिल्लक होती, आणि समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनें तारीख, दोन रागांचीं नांवें व खालीं इतकेंच होतें: “पान दादांनीं फाडलें.”

दादा म्हणजे आत्याबाईंचे वडील, माझे आजेसासरे. त्या पानावर एका नामवंत गायिकेची सही होती. नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्या काळच्या कोणत्याहि मोठ्या गायिकेचें नांव घातलें तरी गोष्ट तीच राहील. आजेसासरे गाण्याचे दर्दी होते. त्याच बाईंच्या तबकड्या ते रात्रीं जेवणें आटोपल्यावर स्वतः ग्रामोफोनला किल्ली देऊन ऐकत. पण घरांतील मुलीनें जलसा संपल्यावर आंत जाऊन त्या बाईंपुढें वही धरावी, आणि ती वही देवघराशेजारच्या कोनाड्यांत ठेवावी, हें त्यांना खपलें नाहीं. आवाज घरांत चालत होता. नांव चालत नव्हतें.

आमच्या पुतण्याचा प्रश्न किंमतीचा होता आणि आजेसासऱ्यांचा अब्रूचा. दोघांच्याहि दृष्टीनें सही ही एक वस्तु होती. एकाला ती विकाऊ वाटली, दुसऱ्याला विटाळलेली. मला मात्र वही हातांत घेतल्यापासून एकच विचार सुचत आहे. व्यवहारांत दस्तऐवजावर जो सही करतो तो देणेकरी होतो. कलावंताच्या सहीचा न्याय ह्याच्या उलट आहे. येथें सही करणारा आपल्यापाशीं होतें तें आधींच देऊन चुकलेला असतो. देणेकरी होतो तो सही घेणारा.

वहींत सही घेण्याची चाल मूळची आपली नव्हे. ती जर्मन देशांतली. सोळाव्या शतकाच्या मध्यास विटेनबर्गच्या विद्यापीठांतील विद्यार्थी आपल्या गुरुजनांचे व मित्रांचे अभिप्राय लहान वह्यांत घेऊं लागले. १७९२ मध्यें बीथोवेन बॉन शहर सोडून व्हिएन्ना येथें हेडनपाशीं शिकावयास निघाला, तेव्हां त्याच्या मित्रांनींहि त्याला अशीच वही भरून दिली होती. संगीतकारांपुढें वही आली म्हणजे ते कित्येकदां नुसतें नांव न लिहितां एखादी लहानशी स्वररचनाच लिहून देत. हल्लीं मुलांच्या खेळण्यांतून आणि दारावरच्या घंटेंतूनहि ऐकूं येणारी बीथोवेनची “एलीझसाठीं” ही रचना अशाच एका पानावरची. त्यावर २७ एप्रिल ही तारीख, ‘स्मरणार्थ’ असा शेरा आणि खालीं सही होती. साल १८१० असावें असें मानतात. लुडविग नोल नांवाच्या अभ्यासकानें म्यूनिच येथील एका बाईंच्या संग्रहीं तें पान पाहिलें, त्याची नक्कल केली आणि १८६७ मध्यें, बीथोवेनच्या मृत्यूला चाळीस वर्षें झाल्यावर, ती छापली. मूळ पान पुढें नाहींसें झालें. सही गेली, पण त्या सहीबरोबर जें मिळालें होतें तें कोणीतरी मन लावून उतरून घेतलें होतें, म्हणून रचना वांचली.

ब्राह्म्सचीहि एक गोष्ट सांगतात. योहान स्ट्राउसच्या कुटुंबांतील एका स्त्रीनें सहीसाठीं आपला पंखा त्याच्यापुढें धरला. त्यानें त्यावर स्ट्राउसच्याच “निळी डॅन्यूब” ह्या सुप्रसिद्ध रचनेचे आरंभीचे सूर लिहिले, आणि खालीं ‘दुर्दैवानें हें ब्राह्म्सचें नव्हे’ अशा अर्थाची ओळ लिहून दिली. सही देतां देतां स्वतःच दुसऱ्याचें ऋण कबूल करणारा कलावंत विरळा!

उलट टोकाची गोष्टहि युरोपांतलीच आहे. १८४२ मध्यें सेंट पीटर्सबर्ग सोडून निघालेल्या मारी टाल्योनी ह्या नर्तकीचे नाचाचे जोडे तिच्या भक्तांनीं दोनशें रूबलांस विकत घेतले आणि शिजवून, वर रस्सा घालून, पंक्तीला बसून खाल्ले, असें नृत्याच्या इतिहासांत सांगतात. खरेंखोटें देव जाणे. परंतु संग्रहाची हांव कोणत्या थराला जाते ह्याचें उदाहरण म्हणून तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. नाचून झिजलेल्या जोड्यांवर नर्तकीची सही घेऊन ते विकण्याची आणि तो पैसा मंडळीच्या खर्चाकडे लावण्याची चाल तिकडे आजहि आहे, व तींत गैर कांहीं नाहीं. आपल्याकडे मात्र नर्तकी घुंगरू पायांत बांधण्यापूर्वीं कपाळाला लावते आणि गवई तंबोऱ्याला पाय लागूं देत नाहीं. तेव्हां घुंगरांवर किंवा वाद्यावर सही मागूं नये. कार्यक्रमाची पत्रिका, तबकडीचें वेष्टन किंवा साधी वही पुढें करावी.

खरें पाहतां आपल्या परंपरेंत कलावंताची सही कागदावर नव्हतीच. ती गाण्यांतच होती. अभंगाच्या शेवटच्या चरणांत संतांचें नांव येतें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ख्यालाच्या चिजांतहि तीच रीत आहे. दिल्लीच्या महंमदशहाच्या कारकीर्दींत (१७१९–१७४८) नियामतखांनीं ‘सदारंग’ ह्या नांवानें, आग्रा घराण्याच्या फैयाजखांनीं ‘प्रेमपिया’ ह्या नांवानें आणि आपल्या जगन्नाथबुवा पुरोहितांनीं ‘गुणीदास’ ह्या नांवानें आपली मुद्रा चिजांत गुंफली. चीज जो गाईल त्याच्या कंठांतून ती सही पुन्हां उमटते.

ग्रामोफोन आला तेव्हां ह्या सहीला आणखी एक रूप मिळालें. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्गनें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. त्या काळच्या तिच्या अनेक तबकड्यांत गाणें संपतांच ती आपलें नांव इंग्रजींत ठणठणीतपणें सांगते. तबकड्या छापल्या जात जर्मनींत, हानोव्हरला. तेथल्या कारागिरांना कोणाचें गाणें हें कळावें, इतकाच त्यांतला व्यावहारिक हेतु. परंतु परिणाम किती निराळा झाला! ज्या प्रतिष्ठित दिवाणखान्यांत त्या बाईला पाहुणी म्हणून कोणी बसवून घेतलें नसतें, तेथें ती स्वतःच्या तोंडानें आपलें नांव सांगूं लागली. कागदावरची सही फाडतां येते. ही फाडण्याची सोय नव्हती.

आजेसासऱ्यांना दोष देऊन मोकळें होण्याचा माझा विचार नाहीं. तें पान एकट्या त्यांनीं फाडलें नाहीं. आपणां सर्वांच्या घरांनीं कोणत्या ना कोणत्या रीतीनें तें फाडलेलें आहे. त्या पिढीच्या पुष्कळशा गायिका कलावंतांच्या किंवा देवदासींच्या घराण्यांतून आलेल्या होत्या. उस्तादांपुढें वर्षानुवर्षें बसून त्यांनीं विद्या मिळविली. आपण ती कानांनीं घेतली आणि त्यांना मात्र ओसरीच्या आंत येऊं दिलें नाहीं. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्या. १९६९ मध्यें त्यांना पद्मभूषण मिळालें. १९७७ मध्यें अमेरिकेनें अंतराळांत सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवलेली आहे; तींतील भारतीय संगीत म्हणजे केसरबाईंनीं गाइलेली भैरवी, “जात कहां हो”. तबकडीच्या कोऱ्या भागावर कोणी हातानें कोरून ठेवलें आहे कीं, ही सर्व जगांतील व सर्व काळांतील संगीतकारांना अर्पण. व्हॉयेजर-१ हें यान ५ सप्टेंबरला उडालें आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. तो आवाज आज ग्रहमालेच्याहि पलीकडे गेला आहे. आम्ही आमची ओसरी सांभाळीत बसलों!

आतां ज्यांच्या घरांत अशी वही आहे, किंवा ज्यांच्या मुलांना अशी वही करण्याची हौस आहे, त्यांच्यासाठीं चार शब्द. ज्याचें गाणें ऐकलें नाहीं, जिचें नृत्य पाहिलें नाहीं, त्यांची सही मागूं नये. कार्यक्रम संपल्यावर कलावंताला पाणी पिऊं द्यावें, मग पुढें जावें. एकच पान पुढें करावें, आणि ‘माझ्या मित्रासाठीं आणखी एक’ म्हणूं नये. टपालानें आलेली किंवा बाजारांतून घेतलेली सही पारखून घ्यावी: छापील सही भिंगाखालीं पुष्कळदां ठिपक्याठिपक्यांची दिसते, आणि नामवंतांच्या वतीनें त्यांचे चिटणीसहि सह्या करीत असतात. सही असलेलें छायाचित्र उन्हाच्या भिंतीवर टांगूं नये, शाई उडते. चिकटपट्टी लावूं नये, आणि प्लॅस्टिकमध्यें कायमचें बंद करूं नये. तें पुन्हां निघत नाहीं. पावसाळ्यांत वही ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवावी आणि अधूनमधून कसर लागली आहे कीं काय तें पाहावें.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे प्रत्येक सहीखालीं पेन्सिलीनें तारीख, ठिकाण आणि काय ऐकलें तें लिहावें. आत्याबाईंच्या वहींतील कित्येक सह्यांची शाई फिकी पडली आहे. दोनतीन तर वाचतांहि येत नाहींत. पण त्याखालची पेन्सिल काल लिहिल्यासारखी स्पष्ट आहे. सही फिकी झाली तरी ऋणाची नोंद राहिली.

वहीचें काय झालें तें सांगून पुरें करतें. त्या संध्याकाळीं आमचा पुतण्या एकेक पान मोठ्यानें वाचूं लागला आणि त्यावर लिहिलेला राग आपल्या फोनवर लावूं लागला. दहा वाजून गेले तरी कोणी उठलें नाहीं. शेवटीं वही मिटून त्यानेंच ती माझ्या हातांत दिली; विकण्याचा विषय त्यानेंहि काढला नाहीं आणि आम्हींहि नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं ती पुन्हां उघडली. फाटक्या पट्टीसमोर आत्याबाईंनीं रागांचीं नांवें लिहिलीं होतीं, पण गायिकेचें नांव पानाबरोबर गेलें होतें. आमच्या सासऱ्यांना तें आठवत होतें. त्यांना विचारून, त्यांच्यासमोर, मीं पेन्सिलीनें तेथें त्या बाईंचें पूर्ण नांव लिहिलें. मग वही होती त्याच जागीं, देवघराशेजारच्या कोनाड्यांत, ठेवून दिली.